खीळ ज्याच्या हातची

ठाणे, रविवार, १३ नोव्हेंबर १८८७

कासरा हातातून सुटला तेव्हा छकड्याचं एक चाक रस्त्यावर होतं आणि दुसरं गवतात. मी पाठीवर पडलो. बैल चाळीसेक पावलं तसेच गेले, मग थांबले. चांद्या बांधावरचं गवत खाऊ लागला. मोऱ्याने एकदा मागे वळून पाहिलं. कचेरीत चुकीच्या टेबलाशी आलेल्या पक्षकाराकडे शिरस्तेदार पाहतात, तसं.

बैलांना काही लागलेलं नाही. छकड्याची डाव्या अंगाची एक फळी चिरली, ती मी सुतळीने आवळली आहे. दादूस, तू पत्र उघडून आधी बैलांचंच शोधशील म्हणून हे वर घातलं.

बाकीचं असं. तू एडनला कोळशाच्या धक्क्यावर आहेस हे उरणच्या एका खलाशाकडून कळलं. पत्ता त्यानेच दिला. नऊ महिन्यांत तुझी एक ओळ नाही. तू निघालास तेव्हा गोविंदा शुद्धीवर नव्हता. तो गेला असं धरून तू तिथे राहिला असशील, तर तसं नाही. तो आहे. उजवी मांडी मोडली होती, ती वाकडी जुळली. काठी घेऊन चालतो. धावत्या गाडीत उभं राहणं आता त्याच्याकडून होत नाही.

पावसाळा सरल्यावर काटईच्या पंचांनी बाबांना बोलावलं. पंचांतल्या नाथा म्हाताऱ्याने शर्यतीचा नियम पुन्हा सांगितला, जणू आपल्याला तो ठाऊक नव्हता. खीळ ज्याच्या हातची, दोष त्याचा. ज्याच्या हातून खीळ चुकली त्याने पुन्हा कासरा धरायचा नाही. तुझ्या डाव्या चाकात खीळ नव्हती, चाक निघालं, गाडी शेजारून आपली गाडी हाकणाऱ्या गोविंदावर गेली, आणि खिळी माझ्या हातच्या असं तू स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंस. म्हणून तुला कासरा कायमचा बंद. घराला मात्र एक वाट ठेवली आहे. घरातल्या दुसऱ्याने हाकायचं आणि गोविंदाने मागे बसायचं. तो बसला तर माघातल्या शर्यतीत आपली गाडी उभी राहील. नाही बसला तर आपलं घर त्या रस्त्यावरून उठलं.

बाबा घरी येऊन म्हणाले, दुसरा आहे कोण? बैल विकून टाकतो. मी म्हणालो, मी आहे. सबीना वहिनी भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"बैलांना अर्ज लिहून दे," म्हणाली. "मंजूर झाला तर धावतील."

आज पहिल्यांदा जुंपले. वेग आला की उभं कसं राहायचं? तू गुडघे वाकवायचास असं आठवतं. मी गुडघे वाकवले की कासरा सैल पडतो, आणि सरळ केले की मी पडतो. दोन्ही एकदम कसं साधायचं ते लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

इनास


ठाणे, रविवार, ४ डिसेंबर १८८७

गोविंदाकडे गेलो होतो. त्याआधी एका रविवारी त्याच्या दारावरून परत आलो, हेही लिहून ठेवतो.

तो खळ्यावर बसून भात पाखडत होता. मला बस म्हणाला नाही. हात दाखव म्हणाला. मी दोन्ही पुढे केले. मधल्या बोटाला शाई होती. कोर्टात काय करतोस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नकला करतो. एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर उतरवतो.

"मंग बरा हाय," तो म्हणाला. "मी सांगंन त्याची नक्कल कर. तुजं मधी काय घालू नको."

एवढ्यावर ठरलं. इतक्या सहज ठरलं की मला भीती वाटली. मी विचारलं, माझ्या दादूसच्या, सेलेस्टीनच्या गाडीत तू का बसशील? त्याने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाला की त्या दिवशी उतार अर्धा झाला होता. खाली ओढा, ओढ्यापुढे चढ, चढावर आंब्याखाली शेवटची रेघ. तेवढं राहिलं. खाटेवर पडल्या पडल्या तो रोज त्याच उतारावर असायचा.

"मी तिथनं अजून खाली आलोच नाय," म्हणाला. "कुनाच्या गाडीतनं येतो, त्याचं मना काय?"

तुझ्याबद्दल त्याने वाईट शब्द काढला नाही. चांगलाही नाही.

आज त्याने मला हाकू दिलं नाही. शिळफाट्यापासून काटईपर्यंत जुंपलेल्या गाडीच्या बाजूने चालायला लावलं. तो गाडीत बसून होता. काटईला पोचल्यावर त्याने विचारलं, थांबलेला चांद्या निघताना कुठला पाय आधी टाकतो? चार वर्षं तो बैल आपल्या गोठ्यात आहे. परत शिळफाट्याला जाताना मी फक्त पाय पाहिले. उजवा पुढचा. मोऱ्या मात्र दर वेळी वेगळा टाकतो. चांद्याने काय टाकलं ते पाहून मग ठरवतो. हे तुला ठाऊक होतं का?

मी गोविंदाला विचारलं, बैल मुळात का धावतो? चाबकाने म्हणावं तर तू चाबूक वापरत नव्हतास. तोही वापरत नव्हता. तो म्हणाला, बाजूचा धावतो म्हणून. मग बाजूचा का धावतो? त्यावर तो म्हणाला की कोर्टाने मला पगार दिला नाही पाहिजे, प्रश्नामागे एक पैसा घेतला पाहिजे.

इनास


ठाणे, मंगळवार, २० डिसेंबर १८८७

तुझं पत्र मिळालं. तुझ्या ओळी तुलाच परत लिहितो, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

"गुडघे वाकव, पण कासरा कोपराने आवर, मनगटाने नको. चांद्याला डावीकडे जुंप. गोविंदा आहे हे वाचून मी दोन दिवस कामावर गेलो नाही. इथे पाणी विकत घ्यावं लागतं. खिळीचं कुणाशी बोलू नकोस. तुझी नेमणूक आधी कायम होऊ दे."

वहिनीला वाचून दाखवलं. कोपराचं आणि पाण्याचं तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, एवढंच? मी म्हणालो, एवढंच. शेवटच्या दोन ओळी मी वाचल्या नव्हत्या.

म्हणजे तुला माहीत आहे. किती माहीत आहे ते मला कळत नाही. म्हणून सगळं एकदा लिहितो.

त्या रविवारी मी चर्चमध्ये पहिल्या मिसाला दोन्ही खिळी घेऊन गेलो. पाद्रींनी त्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. तू बांबूच्या खुंट्या घालून गाडी पुढे नेली होतीस, दर वर्षी नेतोस तशी. मी मागून चालत काटईला पोचलो. तू बैलांच्या तोंडाशी होतास. मी उजव्या चाकातली खुंटी काढली, खीळ घातली, दगडाने ठोकली. डावीकडे जाणार, तेवढ्यात नाथाने हाक मारली. जोड्या लिहायच्या होत्या, आणि सगळ्या माळावर पेन्सील माझ्याकडेच. मी डावी खीळ कोटाच्या खिशात टाकली आणि लिहायला बसलो. अकरा जोड्या होत्या. नावं सुबक लिहिली. नीळजेच्या गणूचं नाव चुकलं होतं, ते खोडून पुन्हा लिहिलं.

मग तू सुरुवातीच्या रेघेवरून ओरडलास, "खिळी?" रीतीप्रमाणे, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी कागदावरून मान वर केली आणि म्हणालो, "ठोकल्या."

मी खोटं बोललो नाही. मला त्या क्षणी तसंच वाटत होतं. दहा महिने हा फरक मी स्वतःला सांगत आलो आहे.

बांबूची खुंटी उतारापर्यंत टिकली. मी धावत खाली आलो. गोविंदाच्या मांडीला बांधायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला खीळ लागली. नाथा विचारत होता, खिळी कुणाच्या हातच्या? माझं तोंड उघडलेलं होतं. तू म्हणालास, "माझ्या."

खिशातला माझा हात तू पाहिलास का? की तुला आधीच समजलं होतं?

माझी नेमणूक या महिन्याच्या पहिल्या तारखेला कायम झाली. तेव्हा ती सबब उरली नाही.

इनास


ठाणे, रविवार, ८ जानेवारी १८८८

आज पडलो नाही. एकदाही नाही.

कोपराने आवरायचं हे खरं आहे. मनगट बैलाला फक्त दुखवतं. कोपर मागे घेतलं की आपला सगळा भार बैलाला कळतो. हे तुला कुणी सांगितलं होतं? की तूही असाच पडत पडत शिकलास? घरात कुणालाच आठवत नाही. बाबा म्हणतात तू जन्मापासून हाकतोस.

उताराचं मला नव्याने कळलं. उतारावर गाडीचा भार पुढे येतो आणि जू बैलांच्या मानेवर दाबलं जातं. तेव्हा मागच्याने टोकापर्यंत सरकायचं, म्हणजे मान मोकळी होते. चढ लागला की पुढे यायचं. मी इतकी वर्षं समजत होतो की मागचा माणूस शोभेला असतो. गोविंदा बसल्या बसल्या हातांवर सरकतो. वाकडा पाय आधी उचलून ठेवतो, मग उरलेला तो. मी मागे पाहायचं नाही. फळीचा आवाज आला की समजायचं, सरकला.

वेग आला की आवाज कमी होतात, हे तू कधी बोलला नव्हतास. चाकांचा खडखडाट असतो, पण तो मागे राहतो. पुढे फक्त दोन श्वास ऐकू येतात, चांद्याचा आणि त्यामागोमाग मोऱ्याचा. ते एका वेळी पडू लागले की गाडीला वजन उरत नाही. आज तसं दोनदा झालं. दुसऱ्यांदा किती वेळ टिकतं ते मोजायला गेलो आणि ते गेलं.

गोविंदा म्हणाला, "मोजत हुतास ना?"

मी हो म्हणालो.

"तुज्या पाठीव दिसतं," म्हणाला.

परत येताना मी त्याला त्याच्या अंगणात उतरवलं. त्याच्या बायकोने, सखुबाईने, मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. ती नेहमी माझ्याकडे पाठ करून बसते. आज बाजूने बसली.

तू म्हणतोस बोलू नकोस. मी आधी नोकरीसाठी गप्प होतो. आता नोकरीला धोका नाही, तरी गप्प आहे. कारण सोपं आहे. मी बोललो की तुझा कासरा मोकळा होतो आणि माझा बंद होतो. दोन महिन्यांपूर्वी मला त्याचं काही वाटलं नसतं. तेव्हा मला हाकता येत नव्हतं.

इनास


ठाणे, शनिवार, २८ जानेवारी १८८८

उद्या शर्यत. आमची जोडी चौथी, नीळजेच्या गणूबरोबर. खिळी या वेळी वहिनी मिसाला नेणार आहे. बाबा ठोकतील. मला हात लावू देत नाहीत, कारण विचारलं तर सांगत नाहीत.

बैलांची शिंगं घासताना मी वहिनीला म्हटलं, उद्या गोविंदा गाडीत बसला की घर मोकळं झालं. दादूसला कळवू, तोही येईल. ती पाणी ओतत होती.

"कशाला येईल?" म्हणाली. "तुझी गाडी बघायला? बांधावर बसून दुसऱ्याची गाडी बघणारा माणूस आहे का तो?"

मी शिंगं घासत राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली की मला चांगलं हाकता येतं, असं बाबा शेजारी सांगत होते. तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नाही.

एडनहून मुंबईचं भाडं किती, हे मी परवा कचेरीत विचारून ठेवलं. तुला ते जड नाही. तेव्हा तू भाड्यासाठी अडलेला नाहीस. ज्यासाठी अडलेला आहेस ते माझ्याकडे आहे.

इनास


ठाणे, रविवार, २९ जानेवारी १८८८, संध्याकाळ

पहाटे ग्रहण होतं. सुटायला उजाडलं. काटई-नीळजेची माणसं अंघोळी उरकून उशिरा आली, म्हणून शर्यतीही उशिरा लागल्या. आम्ही मिसाहून सरळ गेलेलो, तासभर उन्हात उभे. चांद्या शांत होता. मोऱ्या चांद्याकडे पाहून शांत होता.

नावं लिहायला या वर्षी डोंबिवलीच्या शाळेचे मास्तर होते.

दोन माणसांनी गोविंदाला उचलून मागे बसवलं. माळावरची सगळी माणसं ते पाहायला जवळ आली. मग नाथाने हात वर केला, म्हणजे विचारायची वेळ झाली. मी ओरडलो, "खिळी?"

बाबा डाव्या चाकाशी उभे होते. खाली वाकले, खिळीला बोट लावलं. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही लावलं. मग म्हणाले, "ठोकल्या."

मी कासरा हाताला गुंडाळला. मान न वळवता मी म्हणालो, "गोविंदा, गेल्या वर्षी डावी खीळ माझ्या खिशात होती. दादूसने विचारलं आणि मी ठोकल्या म्हणालो."

मागे फळी वाजली नाही. गणूचे बैल शेजारी पाय आपटत होते.

"आत्ता सांगतंस?" गोविंदा म्हणाला.

"हो."

"मना उतरवायला दोन मानसं लागतात," तो म्हणाला. "ती गेली तिकरं. खाली गेल्याव सांग, सगल्याना. आता रस्ता बग."

इशाऱ्याचं फडकं पडलं.

मी कसं हाकलं ते तुला सांगता येणार नाही. मला आठवतात त्या गोष्टी लिहितो. पहिल्या वळणाला गणू पुढे होता आणि त्याच्या चाकाची धूळ माझ्या दातांत आली. उताराच्या तोंडाशी आम्ही बरोबर होतो. फळी वाजली, गोविंदा मागे सरकला. माझ्या पायाखाली गाडी हलकी झाली. ज्या जागी तुझं चाक निघालं तिथे बाभळ आहे, ती डाव्या हाताने गेली. ओढ्यात गुडघाभर पाणी, ते तोंडावर आलं. मग चढ. फळी पुन्हा वाजली आणि गोविंदाचा हात माझ्या पाठीशी आला. दोन्ही बैलांचा श्वास एकत्र पडत होता. या वेळी मी मोजला नाही.

आंब्याखाली रेघ ओलांडली तेव्हा गोविंदा म्हणाला, "आलो."

माझ्याशी म्हणाला असं वाटत नाही.

आम्ही एका जूभर पुढे होतो. लोक गाडीला भिडले. नाथा नारळ घेऊन आला. मी खाली उतरलो आणि म्हणालो, नारळ फोडू नका. मग गोविंदाला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. खिशाचं, पेन्सिलीचं, रुमालाचं. सेलेस्टीनने दोष अंगावर घेतला तेव्हा मी तोंड मिटलं, हेही. बोलायला पाच मिनिटंही लागली नसतील.

गणू म्हणाला, "म्हंजे माजं नाव दोनदा लिवलं म्हनून त्याची मांडी मोडली?" कुणीतरी हसलं.

नाथाने गोविंदाला विचारलं, तुला कधी कळलं? गोविंदा म्हणाला, रेघेवर. मग बसलास कसा? गोविंदा म्हणाला की तो आधीच बसलेला होता.

पंच आंब्याखाली बसले. वेळ लागला नाही. नियम तोच आहे, फक्त नाव बदललं. आजची शर्यत गणूची. माझा कासरा बंद, कायमचा. शर्यतीच्या बैलांचं दावंही हाती धरायचं नाही. तुझा कासरा मोकळा. तू हाकशील तेव्हा मागे कोण बसेल, असं नाथाने विचारलं. गोविंदाने काठी वर केली.

परत येताना बाबांनी हाकलं. मी मागे बसलो. मुंब्र्याच्या उतारावर मागे सरकलो, चढावर पुढे आलो. कळव्याच्या पुलावर बाबा म्हणाले, "मला विचारायच्या आधी सांगायचं होतंस. तो 'ठोकल्या' शब्द माझ्या तोंडून काढलास."

मी म्हणालो, तो ऐकल्याशिवाय मला बोलता आलं नसतं.

वहिनी आमच्या आधी घरी पोचली होती. तिला सगळं कळलेलं होतं. तिने माझं ताट वाढलं, आणि मी जेवत असताना गोठ्यात जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, उद्याच्या टपालाने जाऊ दे, आणि ये म्हणून लिही, शहाणपण लिहू नकोस.

म्हणून लिहितो. ये.

एक विचारायचं राहिलं. श्वास एकत्र पडतात तेव्हा तू काय करायचास? काहीच नाही ना? मला तसं वाटतं. तू आलास की सांग.

इनास


सोमवार, ३० जानेवारी. पाकीट बंद करायच्या आधी.

सकाळी बाबा बैल घेऊन काटईला गेले. तू येईपर्यंत गोविंदा कुणाकडून तरी त्यांना पळते ठेवील. मी पुलापर्यंत मागून चाललो. वाटेत चांद्या एकदा अडला. माझा हात पुढे गेला, मी तो मागे घेतला. बाबांनी त्याला हाकलं आणि तो उजवा पाय टाकून निघाला. साडेदहाला मी कचेरीत होतो.